स्कीपटू दिदिए क्यूशकडे ऑलिम्पिकचं सुवर्ण नाही, तरी स्वित्झर्लंडमध्ये तो इतका लोकप्रिय कसा?

सुवर्ण दुसऱ्या दिदिएकडे आहे. 2010 साली व्हँकुव्हरला डाउनहिल, म्हणजे डोंगरावरून स्कीवर सुसाट उतरायची शर्यत, जिंकला तो दिदिए देफागो, तोही स्विसच. क्यूश अंगठा मोडलेला असताना उतरला आणि सहावा आला. तरी 2011 चा 'वर्षाचा स्विस' ठरला क्यूशच. बघा आता, पदकाला लोक किती विचारतात ते.

इथली माणसं खरी डोळे लावून बसतात ती किट्झब्युलच्या शर्यतीकडे. ती होते ऑस्ट्रियात, म्हणजे हक्काच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरी. श्ट्राइफ हा तिथला शर्यतीचा उतार तीन किलोमीटरहून लांब, वेग ताशी 140 च्या घरात. क्यूशने तिथली डाउनहिल पाचदा मारली: 1998, 2008, 2010, 2011, 2012. ऑस्ट्रियाचा दिग्गज स्कीपटू खुद्द फ्रान्झ क्लामर, त्यालाही चारच जमल्या. बाहेरच्या मल्लाने खासबागेत येऊन पाचदा मैदान मारावं, तसं हे.

2012 च्या जानेवारीत मुलीच्या बारशाला ताई-दाजी आमच्याकडे झ्यूरिकजवळ आले होते. मोसम संपला की थांबणार, असं क्यूशने किट्झब्युलच्या शर्यतीच्या दोन दिवस आधीच सांगून टाकलं होतं. वय 37. शनिवारी टीव्हीसमोर आम्ही आणि वरच्या मजल्यावरच्या आजी. क्यूश जिंकला, नेहमीसारखी पायातली स्की हवेत उडवून हातात झेलली, आणि आजी मला गदागदा हलवायला लागल्या. दाजींनी चहाचा घोट घेतला नि विचारलं, "ऑलिम्पिक सुवर्ण आहे का?" मी म्हटलं, 1998 चं नागानोचं रौप्य आहे, सुपर-जीचं, म्हणजे डाउनहिलपेक्षा जास्त वळणांच्या शर्यतीचं. "मग झालं तर. रौप्य म्हणजे हरलेल्यांत पहिला."

हेच वाक्य त्यांनी माझ्या भाच्याला ऐकवलं होतं, राज्य स्पर्धेत पोहण्याचं रौप्य घेऊन पोरगं घरी आलं तेव्हा. त्यावरून आमचं आधीच वाजलं होतं, त्या दिवशी पुन्हा वाजलं. बारशाचं घर म्हणून ताईने दोघांनाही गप्प केलं.

बाकी कारणं सरळ आहेत. न्यूशातेलच्या ज्युरा डोंगरातल्या ले पाकिए या छोट्या गावचा, शिक्षणाने खाटीक, बोलायला फ्रेंच, पण जर्मन बोलणाऱ्यांनाही घरचा वाटणारा. 2005 साली गुडघा गेला, आणि मोसमभराच्या कामगिरीवर मिळणारे डाउनहिलचे त्याचे चारही विश्वचषक त्यानंतरचे. सुपर-जीचं विश्वविजेतेपदही 2009 चं.

हां, 2012 ची ती शर्यत खराब हवेमुळे आखूड मार्गावर झाली होती, एवढं दाजींच्या बाजूने मांडून ठेवतो. आणि नुसता दबदबा मोजायचा तर आताचा स्विस स्कीपटू मार्को ओडरमाट कधीच पुढे गेला; 2022-23 च्या एका मोसमात विश्वचषकाचे 2042 गुण.

तुमच्या घरी कुणी पोरगं खेळत असेल तर त्याला क्यूशच्या शर्यती दाखवा, पदकतालिका नको. भाच्याने पोहणं त्याच वर्षी सोडलं. दाजी, हे वाचलंत तर फोन करा, आता मध्ये बारसं नाही.