बेळगावात जुनं घर घ्यायचंय, कागद सगळे कन्नडमध्ये आहेत. काय काय बघून घ्यावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. शहापुरातलं जुनं घर ६० लाखांना ठरतंय, विकणारे तीन भाऊ आहेत, वडील वारले आहेत. आणि शहराबाहेर बॉण्डवरचा, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून देतात तसा, दोन गुंठ्यांचा प्लॉट स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा का?

बॉण्डचं आधी सांगतो, कारण ते लगेच संपतं. घेऊ नका. ती शेतजमीन आहे, एनए (बिनशेती) झालेली नाही, बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) मंजूर लेआउट नाही, म्हणून तर शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतात. नोंदणी न केलेल्या कागदानं मालकी येत नाही, आणि मुखत्यारपत्रावरची विक्री ही विक्रीच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय. उताऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचंच राहतं. उद्या त्याच्या पोरांनी तीच जमीन गहाण टाकली किंवा दुसऱ्याला रीतसर विकली तर तुमच्या हातात फक्त लाईट बिल आणि घरपट्टीची पावती उरते. एजंट ‘११ब’ दाखवतील. ग्रामपंचायत मंजूर मिळकतीला फॉर्म ९ आणि ११अ देते. ११ब म्हणजे नोंद आहे, मंजुरी नाही. बँका त्यावर सहसा कर्ज देत नाहीत.

आता शहापूरचं घर. इथं सातबारा शोधू नका. तीन कागद मागा आणि एकमेकांशेजारी ठेवून वाचा: सिटी सर्व्हे ऑफिसचा पीआर कार्ड उतारा (मिळकत पत्रिका, सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हे नंबरची), महानगरपालिकेचा ई-खाता (घरपट्टीच्या नोंदीचा ऑनलाईन उतारा), आणि उपनोंदणी कार्यालयाची ईसी (मिळकतीवरच्या नोंदणीकृत व्यवहारांचा आणि बोजांचा दाखला). तीन कार्यालयं वेगळी. एकीकडे नाव बदललं म्हणून दुसरीकडे बदललेलं असेलच असं नाही. पीआर कार्डावर आजोबा, खात्यावर वडील आणि विकायला नातू, हे चित्र जुन्या गल्ल्यांत नेहमीचं. मधली वारसा नोंद विक्रेत्यांच्या खर्चानं आधी करून घ्या, मग संचकार (विसार) द्या. नवीन ई-खात्याशिवाय खरेदीपत्राची नोंदणीच होत नाही, त्यामुळे ‘ते नंतर बघू’ हे आता चालत नाही.

नावांकडे विशेष लक्ष द्या. आधारवर डी-एन-वाय नं सुरू होणारा ज्ञानेश्वर कन्नडमधून इंग्रजीत आला की जे-एन नं सुरू होतो, आणि बँकेचा वकील फाईल परत पाठवतो. क्षेत्रही तसंच. जुन्या खरेदीपत्रात चौरस वार, पीआर कार्डावर चौरस मीटर. एक वार म्हणजे ०.८३६ चौरस मीटर. गुणाकार करून बघा आणि टेप लावून घर मोजा. सामाईक भिंत आणि मागचा बोळ कुणाचा, हे चतु:सीमेत, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दींच्या वर्णनात, लिहिलेलं असलं पाहिजे.

ईसीत व्यवहार असतील तर फॉर्म १५ येतो, नसतील तर १६. ऑनलाईन साधारण २००४ पासूनच्या नोंदी मिळतात. त्याआधीच्या हातानं शोधाव्या लागतात, तो शोध किमान तीस वर्षांचा घ्या. पण ईसीत वारसा दिसत नाही, कोर्टातला दावा बहुधा दिसत नाही, आणि नुसते मूळ कागद ठेवून काढलेलं कर्जही सुटू शकतं. म्हणून झेरॉक्सवर समाधान मानू नका, मूळ कागद हातात घेऊन बघा. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, तेव्हा फार जुने कागद मराठीत, कदाचित मोडीत निघतील. मोडी वाचणारा गाठा, अंदाजानं वाचू नका.

सगळ्यात जास्त व्यवहार अडतात ते बहिणींवर. तीन भाऊ विकतायत म्हणता, पण बहिणी किती? आई आहे का? घर वडिलांच्या कमाईचं असेल आणि मृत्युपत्र नसेल तर आई आणि मुली १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वारस आहेत. वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना जन्मानं समान हक्क मिळालाय, आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो लागू होतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी. ‘लग्नात दिलं की सगळं’ याला कायद्यात जागा नाही. नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) वंशावळ काढायला लावा आणि त्यातली प्रत्येक व्यक्ती खरेदीपत्रावर विकणारी म्हणून सही करू दे, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र होऊ दे. नोटरीचं संमतीपत्र पुरत नाही. एखादा भाऊ वारला असेल आणि त्याचं मूल अल्पवयीन असेल, तर त्याच्या हिश्श्याला कोर्टाची परवानगी लागते का, हे वकिलाकडून लेखी घ्या.

जाहीर नोटीस कन्नड दैनिकाबरोबर मराठी दैनिकातही द्या. हरकत घेणारे नातेवाईक मराठीच वाचतात.

खर्च: मुद्रांक ५ टक्के म्हणजे ३ लाख, त्यावर सेस १० आणि सरचार्ज २ टक्के म्हणजे ३६ हजार, नोंदणी फी २ टक्के म्हणजे १ लाख २० हजार. एकूण ४ लाख ५६ हजार. नोंदणी फी ऑगस्ट २०२५ अखेरपर्यंत १ टक्का होती, जुन्या हिशोबावर जाऊ नका. सरकारी मार्गदर्शक दर जास्त निघाला तर हिशोब त्यावर होतो. ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस, इथं ६० हजार, तुम्ही कापून भरायचा. विकणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर शेवटच्या दिवशी भांडण.

खरेदीपत्राचा मसुदा कावेरी पोर्टलवर (कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर) चढवायचा, तो तपासला गेला की पैसे भरून वेळ घ्यायची. खरेदीपत्र कन्नडमध्ये असेल तर अंगठा देण्याआधी वकिलाकडून ओळ न् ओळ मराठीत समजून घ्या, सीटीएस नंबर आणि चतु:सीमा तर दोनदा. नोंदणीनंतर महापालिकेत खाते बदल आणि सिटी सर्व्हेत पीआर कार्डाला नाव, हे दोन अर्ज वेगवेगळे करायचे आहेत. दुसरा बहुतेकजण विसरतात, आणि तो वीस वर्षांनी घर विकताना आठवतो.