कपाटात कोथिंबीर-मेथी लावायची तर लाईट आणि हवेचं काय करायचं?

तुम्ही २ फूट रुंद, ४ फूट उंच जुनं लाकडी कपाट म्हणताय, फ्लॅट नाशिकला, बाल्कनीत ऊन येत नाही. होतं हो, आरामात होतं. रोपांसाठी म्हणून विकतात त्या गुलाबी-जांभळ्या लाईटच्या मागे लागू नका, साधी पांढरी एलईडी बॅटन (ट्यूबसारखी लांब पट्टी) घ्या, ६५०० केल्विनची, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी पांढरी, २ फुटी १० वॅटच्या दोन, पानांपासून ६-८ इंच वर लावा आणि रोपं वाढतील तशा वर सरकवा. टायमर लावून रोज १४ तास, उरलेले १० तास अंधार पाहिजेच. रोपं लांबुळकी होऊन लोळायला लागली की समजायचं उजेड कमी पडतोय. आतून पांढरा रंग मारा, खूप फरक पडतो.

पण खरी गडबड हवेत होते, लोक लाईटवर पैसे घालतात आणि दार बंद करून मोकळे होतात, मग माती ओली राहते, बुरशी येते आणि रोपं बुडापाशी मान टाकतात. गरम हवा वर जाते म्हणून कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा वरच्या बाजूला हवा बाहेर फेकेल असा बसवा, जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर चालतो, आणि खाली समोरच्या बाजूला पंख्यापेक्षा मोठं भोक पाडून मच्छरजाळी लावा. पावसाळ्यात पंखा रात्रीही चालू ठेवा. एप्रिल-मेमध्ये मात्र खोलीच तापलेली असते, पंखा तीच हवा आत ओढणार, तेव्हा लाईट रात्री लावून दिवसा बंद ठेवा, आणि कोथिंबीर त्या दिवसांत नकोच, लगेच फुलावर येते.