पेसमेकरची वायर कुठली घ्यायची?

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत, सारखी चक्कर यायची, तपासणीत कम्प्लीट हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा संदेश खालच्यापर्यंत पोहोचतच नाही. डॉक्टर दोन वायरींचा पेसमेकर म्हणतायत. घरात सगळे फक्त बॅटरीबद्दल बोलतात, पण वायरमध्येही स्क्रूवाली, हुकवाली असे प्रकार असतात म्हणे. कुठली घ्यावी? गुडघे दुखतात, पुढेमागे एमआरआय लागू शकतो.

उत्तर : ताई, वायरचं विचारलंत ते फार बरं केलंत. बॅटरी साधारण आठ-दहा वर्षांनी संपली की छातीच्या कातडीखाली बसवलेली बॅटरीची डबी बदलतात, पण वायर चांगली चालत असेल तर तीच ठेवतात, आणि जुनी वायर शिरेला नि हृदयाला आतून चिकटलेली असते त्यामुळे ती काढणं बसवण्यापेक्षा खूपच जोखमीचं. म्हणून मला तर डबीपेक्षा वायरची काळजी जास्त वाटते.

दोन वायरी बहुतेक यासाठी, की वरच्या कप्प्याचा ठोका ओळखून खालच्याला त्याच्या मागोमाग चालवता येतं. वरचा कप्पा कायमचा फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे नीट ठोका न देता नुसता थरथरत असता तर सहसा एकच पुरली असती.

स्क्रूवाली टोकाला असलेल्या बारीक मळसूत्राने स्नायूत घट्ट बसते, डॉक्टरांना हवी ती जागा निवडता येते आणि पुढे काढायची वेळ आलीच तर तुलनेने सोपी जाते, पण भिंत पातळ असेल तर आरपार जायचा थोडा धोका असतो. हुकवालीचे मऊ काटे आतल्या स्नायूंच्या जाळीत अडकतात, तो धोका कमी, पण जागेची मोकळीक नाही. हल्ली बहुतेक ठिकाणी स्क्रूवालीच वापरतात आणि हा निर्णय खरंच डॉक्टरांवर सोडा. टोकाला स्टेरॉइड असतं, त्याने तिथली सूज कमी राहते, कमी करंटवर काम भागतं, बॅटरी वाचते. वायर बायपोलर, म्हणजे दोन्ही ध्रुव वायरच्या टोकाजवळच असलेली असली की छातीच्या स्नायूंचे सिग्नल हृदयाचे समजून पेसमेकर फसण्याची शक्यता कमी होते.

तुम्ही आग्रह धरायचा तो एमआरआयचा! नुसती डबी एमआरआयवाली असून चालत नाही, डबी आणि दोन्ही वायरी मिळून तो सेट एमआरआयसाठी मान्य असायला हवा, नाहीतर पुढे स्कॅन सेंटरवाले अडवतात. बिलावर नुसतं ‘पेसमेकर’ लिहिलेलं असेल तर वायरींचे मॉडेल नंबर मागून घ्या, पेसमेकरचं कार्ड जपा आणि त्याचा फोटो भावंडांच्या मोबाइलवरही असू द्या.

ऑपरेशननंतर चार-सहा आठवडे बाबांनी पेसमेकर बसवलेल्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, वायर सुटू शकते. पण झोळीत बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो, कोपर नि मनगट हलवत राहायला सांगा.