बिझेन प्रांत : तलवारीवरचा पत्ता आणि इतर प्रश्न

बिझेन, बिच्चू, बिंगो ही नावं इतकी सारखी कशी?

तिन्ही जपानमधल्या जुन्या किबी प्रदेशाचे तुकडे, म्हणजे जुने प्रांत. तेव्हाच्या राजधानीकडून अलीकडचा बिझेन, मधला बिच्चू, पलीकडचा बिंगो. ७१३ मध्ये बिझेनचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग तोडून मिमासाका हा वेगळा प्रांत झाला.

आजचं बिझेन शहर म्हणजेच तो प्रांत ना?

नाही. प्रांताचं ठाणं आजच्या ओकायामा शहराच्या हद्दीत होतं.

जुन्या नकाशात कोजिमा बेट दिसतं. नकाशा चुकीचा आहे का?

नकाशा बरोबर आहे. नद्यांचा गाळ आणि माणसांनी घातलेला भराव यांनी मधली खाडी बुजली, म्हणून आता ते द्वीपकल्प आहे.

विक्रेता म्हणतो, तलवारीवर ‘बिझेन प्रांत, ओसाफुनेचा सुकेसादा’ कोरलंय, म्हणजे अस्सलच. घेऊ का?

थांबा, आगाऊ एक पैसाही देऊ नका. ओसाफुने हे योशिइ नदीकाठचं लोहारांचं गाव. वरच्या डोंगरांतली लोहवाळू आणि लाकडाचा कोळसा, वाहतुकीला नदी, जवळून जाणारा सान्यो हा जुना हमरस्ता, म्हणून तिथे शतकानुशतकं भट्ट्या पेटत्या राहिल्या. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युद्धांत मागणी इतकी वाढली की घाऊक तलवारी निघू लागल्या. सुकेसादा हे नाव तर कित्येक लोहारांनी लावलं. अक्षरं खरी असली तरी त्यांतून गाव आणि घराणं कळतं, दर्जा नाही. शिवाय गाजलेल्या नावाची खोटी अक्षरं कोरण्याचा धंदा जुनाच आहे.

मुठीत जाणारा भाग, म्हणजे नाकागो, नीट बघा. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला बहुधा तारीख असते, आणि ओसाफुनेच्या पात्यांवर दुसरा किंवा आठवा महिना फार आढळतो. पण तारीख जुळली म्हणून निकाल लागत नाही. गंजाचा रंग सर्वत्र एकसारखा मुरलेला आहे का, अक्षरांच्या खाचांत तोच गंज उतरलाय का, पात्याची घडण त्या काळाची वाटते का, हे तिन्ही पाहावं लागतं. ‘साफ करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती ती मुळीच देऊ नका: गंज घासला की पुरावाच गेला. विक्रेत्याचं स्वतःचं प्रमाणपत्र धरू नका. जपानमधल्या तज्ज्ञ संस्थेची तपासणी आणि तिथला नोंदणी दाखला आधी मागा. जपानबाहेर न्यायला सांस्कृतिक खात्याचा दाखला लागतो. आपल्याकडची परवानगी सीमाशुल्क कार्यालयात आणि वकिलाला विचारूनच ठरवा.

बिझेनच्या मातीच्या भांड्यांवर लुकण, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, असतं का?

नसतं. भातखाचरांखालची चिकण माती लाल पाइनच्या लाकडावर दहा-चौदा दिवस, बाराशे अंशांच्या वर भाजतात. चमकणारे ठिपके उडालेल्या राखेचे. मायक्रोवेव्हमध्ये चालेल का, हे घडवणाऱ्यालाच विचारा.