घोड्याला फ्रीझ मार्किंग करावे का? चोरीच्या धास्तीतून आलेल्या दोन प्रश्नांना उत्तर

प्रश्न (शहादा तालुक्यातील पशुपालक): आमच्याकडे दोन नुकरा (पांढऱ्या) घोड्या आणि एक काळी पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरे असलेली) आहे. शेजारच्या गावातून रात्रीत घोडी चोरीला गेली, तेव्हापासून झोप नाही. परदेशात घोड्याला थंड डाग (फ्रीझ मार्किंग) देतात आणि त्यामुळे चोर हात लावत नाही, असे व्हिडिओत पाहिले. आपल्याकडे करून मिळेल का?

उत्तर: काळ्या घोडीला करता येईल. नुकऱ्यांना करू नका, असेच मी सांगेन.

ही पद्धत १९६६ च्या सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील डॉ. कीथ फॅरेल यांनी विकसित केली. तांब्याचा ठसा उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात, त्याभोवतीची उकळी थांबली की बाहेर काढतात आणि केस भादरून स्पिरिटने पुसलेल्या कातडीवर काही सेकंद दाबून धरतात. केसाला रंग देणाऱ्या पेशी गारठ्याने मरतात, मूळ मात्र जिवंत राहते. जागा आधी खोलगट दिसते, मग सुजते, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत तिथे पांढरे केस येतात. काळ्या किंवा कुमैत (तांबूस-तपकिरी) अंगावर आकडा लांबूनही वाचता येतो.

नुकऱ्याच्या अंगावर पांढरे केस आले तरी दिसणार कुठे? तिथे ठसा जास्त वेळ धरून केसांची मुळेच मारावी लागतात, म्हणजे कायमचे टक्कल. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक घोड्याभोवती फिरून आधी भोवरे (केसांची गोल वळणे) बघते, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे का विचारते, मग दात बघते. त्याच्यापुढे मानेवर टक्कल पडलेला नुकरा उभा केलात तर किमतीचे काय होईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आता चोर घाबरतो का, ते पाहू. नुसत्या डागाला तो घाबरत नाही. डाग पाहून कुणीतरी फोन करील आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला मालकाचे नाव निघेल, याला घाबरतो. ब्रिटनमध्ये खोगिराखाली किंवा खांद्यावर दिलेल्या क्रमांकामागे नोंदवही असते. शिवाय इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२० पासून जवळपास प्रत्येक घोड्याला मायक्रोचिप सक्तीची आहे. अमेरिकेत रानटी मस्टँग घोड्यांच्या मानेवर डाव्या बाजूला जन्मवर्ष आणि क्रमांक कोनांच्या खुणांत असतो. त्या खुणांत सहजासहजी खाडाखोड करता येत नाही. आपल्याकडे गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो आणि त्याची ऑनलाइन नोंद असते, पण गावच्या घोड्यावरचा डाग कुठे तपासायचा, हे बाजारात कुणालाच सांगता येणार नाही. त्यामुळे इथे हा डाग म्हणजे मुख्यतः तुमच्या हातातला पुरावा. शिवाय पांढऱ्या केसांवर कलप लावला की काही आठवडे तो झाकतो. शंका आली तर त्या जागेचे केस ओले करून घासून बघावेत.

नुकऱ्यांसाठी मायक्रोचिप बरी. तांदळाच्या दाण्याएवढी चिप पशुवैद्यक मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली टोचतात. तिचा पंधरा अंकी क्रमांक रीडर अगदी जवळ धरल्यावरच वाचता येतो. ही जीपीएस नव्हे. घोडी कुठे आहे हे ती सांगणार नाही, सापडलेली घोडी कुणाची एवढेच सांगेल. क्रमांकाचा स्टिकर खरेदीच्या पावतीवर चिकटवून ठेवा.

त्याआधी एक फुकटचे काम आजच करा. दोन्ही बाजू, समोर, मागे, चारही पाय आणि कपाळ यांचे दिवसाउजेडी फोटो काढा. प्रत्येक भोवरा कुठे आहे ते लिहून ठेवा. परदेशी घोड्यांच्या पासपोर्टवरच्या आकृतीतही भोवरे नोंदवतात. आपण ते शुभाशुभासाठी बघतो, ओळखीसाठीही ते तितकेच पक्के. कलपाने रंग झाकेल, भोवरा कसा झाकणार? ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा अहवाल असेल तर तोही याच कागदांत ठेवा.

प्रश्न (पारनेर भागातील मेंढपाळ): आमची बिऱ्हाडाचे सामान वाहणारी घोडी रात्री मेंढ्यांच्या वाड्याबाहेर चरतात. दवाखान्यात नायट्रोजनचा कंटेनर असतोच, मग डॉक्टरांकडून तिथेच डाग मिळेल का? नाही तर लोखंड तापवून आम्हीच देतो.

उत्तर: तापलेले लोखंड नको. जखम चिघळते, माश्या बसतात, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात डाग देण्याला मुभा आहे ती ठरवून दिलेल्या पद्धतीनेच.

दवाखान्यातला कंटेनर कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसाठी असतो. त्यातली पातळी खाली गेली तर सगळ्या रेतमात्रा वाया जातील आणि तालुक्यातल्या गाई उलटतील (गाभण न राहता पुन्हा माजावर येतील). म्हणून त्यातला नायट्रोजन मागू नका. पाच-दहा घोडी एकत्र करा, पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोला, ठसे आणि वेगळा नायट्रोजन यांची सोय होते का ते विचारा. बिऱ्हाडाच्या गडद रंगाच्या घोड्यांना हा डाग शोभतो, कारण ती दिसण्यावर विकली जात नाहीत. काम उघड्यावरच करा. एक लिटर नायट्रोजनचा सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. सगळ्या घोड्यांवर एकच आद्याक्षर देऊ नका, प्रत्येकाला वेगळा आकडा द्या आणि वहीत मालकासमोर लिहा.

तोवर रात्री अगाडी-पिछाडी (पुढचे आणि मागचे दोर) नीट बांधा आणि कुत्री घोड्यांच्या बाजूला सोडा. घोडं गेलेच तर हद्दीच्या वादात दिवस घालवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी जवळच्या ठाण्यात खबर देता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. फोटो, भोवऱ्यांची नोंद आणि डागाचा आकडा त्या खबरीतच लिहवून घ्या आणि तेच फोटो त्याच दिवशी पुढच्या बाजारांतल्या ओळखीच्या व्यापाऱ्यांना पाठवा.