कड्यावरची गिधाडं मोजताना

प्रश्न : नाशिक भागातल्या एका कड्यावर आम्ही चौघांनी जानेवारीत सकाळभर लांब चोचीची गिधाडं मोजली. आमची बेरीज ४३ आली, सोबतच्या स्थानिक पक्षिमित्रांच्या वहीत मात्र १४. एवढा फरक कसा? आणि घरटं चालू आहे का, हे लांबून कसं ओळखायचं?

उत्तर : वहीतला आकडा धरा. कड्यामागे गेलेलं गिधाड दोन मिनिटांत दुसऱ्या बाजूनं येतं आणि तुमच्या कागदावर नवं होतं. म्हणून दर १५ मिनिटांनी थांबून, त्या क्षणी कड्यावर बसलेली आणि हवेत असलेली एवढीच मोजायची. अशा नोंदींतला सर्वांत मोठा आकडा तो त्या दिवसाचा. बेरीज करायचीच नाही.

सुरुवात उजाडताच करा. ऊन तापून हवा वर चढू लागली, की पक्षी एकेक करून कडा सोडतात. मग स्कोपमध्ये, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीत, कातळही थरथरू लागतो. तेव्हा ६० पटीचा हट्ट सोडून २५-३० वर या.

कपारीखालचे विष्ठेचे पांढरे ओघळ म्हणजे घरटं नव्हे. नुसत्या रात्रीच्या बसायच्या जागेखालीही ते असतात. अंड्यावरचा पक्षी चपटा बसतो, पाठ आणि काळपट डोकं तेवढं दिसतं, तासन्‌तास जागचा हलत नाही. जोडीदार येऊन जागा बदलली, की खात्री पटली. कड्याचा फोटो छापून कपारींना क्रमांक द्या, तेही पक्षिमित्रांच्या वहीतलेच. तुमचे वेगळे क्रमांक पुढच्या वर्षी कुणालाच लागणार नाहीत. अंडं एकच असतं. पक्षी उठला तर ते उघडं पडतं, म्हणून समोरच्या उतारावरूनच बघा. ड्रोन तर नकोच. फोटो टाकलात तरी जागा लिहू नका.

प्रश्न : मान खाली टाकून बसलेलं गिधाड आजारीच समजावं का?

उत्तर : दुपारच्या उन्हात धडधाकट गिधाडही मान टाकतं. थंड सकाळीही तेच चाललं असेल आणि दुसऱ्या दिवशीही, तर वेळेसह नोंद करून वनविभागाला कळवा. मेलेलं आढळलं तर हात न लावता लगेच कळवा. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेलं, की त्याचं मूत्रपिंड निकामी होऊन आतड्या-काळजावर खडूसारखा पांढरा थर बसतो, पण उन्हात शव कुजलं की तपासायला काही उरत नाही. जनावरांसाठी या औषधावर २००६ पासून बंदी आहे. गुराख्यांशी बोलताना त्याऐवजी वापरायच्या, गिधाडांना सुरक्षित अशा मेलॉक्सिकॅमचं नाव जरूर सांगा.