योगायोग आणि जपानी डिझाइन-विचार यांचा निर्मितीवर खरंच परिणाम होतो का?

तुम्ही विचारलंय की योगायोगाने घडलेल्या गोष्टी आणि जपानी डिझाइनचा विचार यांमुळे कामाला खरंच काही वळण मिळतं, की हे नुसतं बोलायला बरं वाटतं? कुंभारकामापुरतं उत्तर: मिळतं, पण योगायोगाला शिरायला जागा कुठे ठेवायची हे आधी ठरवलेलं असेल तरच.

ओकायामा प्रांतातल्या बिझेनची भांडी बघा. त्यांना ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नसतो. पाइनच्या लाकडावर आठवडा-दोन आठवडे भट्टी चालते. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालायचे. पेंढा जळून जायचा आणि त्याच्या जागी तांबड्या रेघा उमटायच्या. पॅकिंगचा हा डाग पुढे मुद्दाम काढायला लागले. त्याला म्हणतात हिदासुकी.

यामागचं रसायन सरळ आहे. पेंढ्यातलं पोटॅशियम मातीचा वरचा थर वितळवतं आणि त्यात मातीतल्याच लोहाचे हेमटाइटचे (लोहाच्या ऑक्साइडचे) लाल स्फटिक वाढतात. म्हणजे रेघ कुठे उमटेल ते तुम्ही पेंढा कुठे गुंडाळता त्यावर ठरतं, पण तिची छटा आणि कडा भट्टीच्या हातात.

इलेक्ट्रिक भट्टीतही हे जमतं. थोडं लोह असलेली, फिकट भाजणारी स्टोनवेअर (जास्त तापमानाला घट्ट भाजली जाणारी) माती घ्या. गावच्या कुंभाराची लाल माती नको, ती इतक्या तापमानाला बसते किंवा वितळते आणि भट्टीतलं शेल्फही खराब होतं. पेंढा कोरडा, पावसात न भिजलेला हवा. पोटॅशियम पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे शेतात भिजलेला पेंढा दिसायला चांगला असला तरी रेघ फिकी पडते. पाण्याचा नुसता हात मारा, लाकडी हातोडीने ठेचून मऊ करा आणि भांड्याभोवती गुंडाळा. झाकणाच्या सॅगरमध्ये, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मातीच्या डब्यात, ठेवून 1200 ते 1250 अंश सेल्सिअसपर्यंत न्या. साधारण 500 अंशांपर्यंत भट्टीचं भोक उघडं आणि खोलीत हवा खेळती असू द्या, पेंढा भरपूर धूर करतो.

घाई नडते ती यानंतर. वरच्या तापमानापासून 800 अंशांपर्यंत मिनिटाला सुमारे 1 अंश या गतीने उतरवा. भट्टी बंद करून निघून गेलात तर स्फटिक वाढायला वेळ मिळत नाही आणि लालऐवजी मळकट तपकिरी डाग हाती येतो. लाली वाढावी म्हणून काही जण पेंढा मिठाच्या पाण्यात भिजवतात. इलेक्ट्रिक भट्टीत ते करू नका. निघणारा वायू भट्टी तापवणारी कॉइल खातो, आणि छातीलाही बरा नाही.

चहा-समारंभातले जाणकार भांड्यावरच्या अशा अनपेक्षित खुणांना 'केशिकी' म्हणतात, म्हणजे निसर्गदृश्य. पण इथेच लोक घसरतात. चाकावर तळ नीट न दाबल्यामुळे गेलेली चीर म्हणजे वाबी-साबी (अपूर्णतेतलं सौंदर्य) नव्हे, ती चूकच. भिंतीची जाडी, तळ, तोंडाची कड हे सगळं पक्कं असलं तरच त्यावरचा डाग बघावासा वाटतो. भट्टी उघडल्यावरची निवड हेही डिझाइनच. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिर-परिसरात जपलेला 'किझाएमोन' हा चहाचा वाडगा कोरियातला रोजच्या वापराचा मानला जातो. जपानी चहा-समारंभातल्या जाणकारांच्या तो नजरेस पडला, त्यांनी उचलला, आणि आज तो जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे.

माणसांच्या गाठीभेटींचंही तसंच. इंग्रज कलाकार बर्नार्ड लीच 1909 मध्ये जपानला गेले ते एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापायची चित्रकला) शिकवायला. 1911 मध्ये तोक्योत एका मेजवानीत पाहुण्यांना कच्च्या भाजणीची भांडी रंगवायला दिली आणि तिथेच राकू पद्धतीने, म्हणजे कमी तापमानाला झटपट, भाजून दाखवली. लीच त्यातून कुंभार झाले आणि 1920 मध्ये जपानी कुंभार हामादा शोजी यांच्यासोबत इंग्लंडमधल्या सेंट आइव्हजला भट्टी उभी केली. भारतातही हा धागा आहे. दिल्लीचे कुंभार गुरचरण सिंग तरुणपणी जपानमध्ये शिकून आले, आणि पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीच्या डेबोरा स्मिथही जपानमध्ये शिकलेल्या. तिथून तयार झालेले कुंभार आज देशभर काम करतात.

आता राकूबद्दलचा एक गैरसमज. लालबुंद भांडं चिमट्याने काढून भुशाच्या डब्यात टाकायचं, ही जपानची जुनी रीत नाही. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियात अमेरिकन कुंभार पॉल सोल्डनर यांनी तापलेलं भांडं पालापाचोळ्यात लोळवलं आणि तिथून ती पसरली. करून बघायची असेल तर मातीत 20 ते 30 टक्के ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) घाला, नाहीतर धक्क्याने भांडं तडकतं. भांडं पूर्ण कोरडं हवं आणि डब्याला घट्ट झाकण. असं भांडं सच्छिद्र राहतं, ग्लेझला तडे असतात, आणि तांब्याचं ग्लेझ असेल तर आंबट पदार्थात तांबं उतरतं. त्यात चहा पिऊ नका, फळीवर ठेवा.